रेणुकाईचा झेंडा आणि गळकी गाडी

भोकरदन

तीर्थस्वरूप काकासाहेबदादांना धाकट्या मावसभावाचा, गोरक्षनाथाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (तिसरा असता तर तो छपराला लावला असता.) मावशीच्या तब्येतीचं सविस्तर कळवा, फोनवर तुम्ही नुसतं "बराबर आहे" म्हणून मोकळे होता.

आधी तक्रार. गाडीच्या पूजेला आलात आणि जाताना स्वतःची डावी चप्पल ठेवून माझी घालून गेलात. तेव्हापासून माझा उजवा पाय संस्कृतच्या मास्तरचा आणि डावा माजी सरपंचाचा असा चालतो. विद्या आणि सत्ता यांची चाल एक नसते, हे मी परवा गाडीच्या छपरावरून घसरताना अनुभवलं.

ही जुनी झोपायची गाडी (मुळात यात्रेकरूंची मिनीबस, कुण्या हौशी माणसानं पलंग, ओटा, बेसिन बसवून तिचं मोटारहोम केलं) कशासाठी घेतली ते तुम्ही जाणताच. आईला एसटीत बसवत नाही. आडवं पडून का होईना, कुंभार पिंपळगावला येऊन बहिणीला भेटायचं, एवढा एकच तिचा हट्ट. पण पाऊस आला की नेमका पलंगावर थेंब! धुरावरून अग्नी ओळखायला शिकलेला मी थेंबावरून भोक ओळखायला निघालो. पलंगाच्या बरोबर वर सिलिकॉन भरलं; गळतंच. हवेच्या झरोक्याभोवती भरलं, तरी गळतंच. शेवटी कपाशीचा फवारणी पंप पाठीवर घेतला, पाण्यात हळद कालवली (म्हणजे ओघळाची वाट दिसेल) आणि तुमच्या भावजयीला, वर्षाराणीला, आत पाहायला बसवून छपराचा एकेक सांधा भिजवत पुढं सरकलो.

वाट सापडली. ती थेट पुढं, पिंपळगाव रेणुकाईहून आणलेल्या झेंड्याच्या बुडाशी. पूजेच्या दिवशी, "देवीचा झेंडा दोरीनं बांधतात व्हय?" असं गरजून, ड्रिल मागवून आपण स्वहस्ते छपरात स्क्रू मारलेत, तोच हा. आमचं अंगण मागं उतरतं. पाणी तिथून शिरतं आणि आतल्या पत्र्यावरून गुपचूप पलंगापर्यंत येतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण प्रवासाचा सराव म्हणून आई रोज दुपारी त्याच पलंगावर निजते. तिच्या कपाळावर पिवळा थेंब पडला. "माय वो, रेणुकाईनं हळद धाडली!" वर्षाराणी खुलासा करेपर्यंत शेजारच्या चतुराबाई नारळ घेऊन हजर. आता रोज आमच्या बंपरवर नारळ फुटतात. (चटणी वाढली, बंपरला पोचे आले.) मी आईला म्हणालो, अगं, ती आपल्याच डब्यातली हळद. तर म्हणते, "मंग? देवी काय स्वतःच्या घरून आणंल?"

तेव्हा झेंड्याला हात लावायची माझी छाती नाही. आई फक्त तुमचं ऐकते. भोक आपण पाडलंत, आपणच येऊन बुजवावं. तोवर प्रवास तहकूब.

आपला,
गोरक्षनाथ

ता. क. येताना चप्पल आणा. कोल्हापुरी आहे, म्हणजे होती.

ता. क. आता खरं सांगतो, झेंडा काढायची गरज नाही. धुवायच्या निमित्तानं मीच स्क्रू काढले, रबरी वॉशर घातले, सिलिकॉन भरून पुन्हा बसवले. नंतर रात्री दोन मोठे पाऊस झाले. आत थेंब नाही. सकाळी आई बघायला यायच्या आत, गाडी अजून गळते असं तिला वाटावं म्हणून, गादीवर तांब्यातलं पाणी मी शिंपडून राह्यलो. बिनहळदीचं.

डॉक्टर म्हणाले, आईचं हृदय थकलंय. तिला सांगितलेलं नाही. मावशी अंथरुणातून उठत नाही, हेही कळतं. म्हणजे जायचं तर आताच. गाडी मी चालवीन. पण मागं पलंगावर तिचा श्वास अडला तर मला पुढं कळणारही नाही. दादा, तुम्ही येऊन तिच्याजवळ बसा. एकट्यानं तिला आणायची मला भीती वाटते.