भागीरथाकाकूचा ब्लाउजपीस

आईले,
अकोल्याहून अपेक्षाचा मनापासून जय भीम.

मी बरी हावो. आता रात्री झोप लागते, जेवणही जाते. बाबाचे गुडघे कसे हायेत?

काल फोनवर तू म्हणाली, भागीरथाकाकूनं माझ्याकडून शिवून घ्यायले ब्लाउजपीस आणून देला. म्हणजे गावात तू अजून हेच सांगून राहिली, का पोरगी शिवणक्लासले गेली! आई, मी मनाच्या दवाखान्यात भरती हावो. टायफॉइड झाला असता तर लपवला असता काय?

इथल्या डॉक्टरीणबाईनं मले वही देली. त्यात मी कविता लिहिली. तू मले विहिरीच्या काठावरून ओढत घरी आणलं, तेही त्यात हाय. येत्या जयंतीले विहारासमोर मी तीच कविता वाचणार. किशोरदादाले सांगजो, माइकवर माझं पूर्ण नाव घे.

लोक नावं ठेवतील, लग्न जमणार नाही, म्हणशील. नको जमू दे. तू फक्त पहिल्या लाइनीत बसजो. रडू आलं तर पदर तोंडावर घेऊ नको.

आन् काकूचा ब्लाउजपीस आजच वापस कर. तिले सांग, आमच्या अपेक्षाले साधं बटण लावता येत नाही. ती कविता लिहिते.

तुनं ओढून आणलेली,
अपेक्षा