आभाळाच्या सहा प्लेटा

शनिवार, ९ डिसेंबर १९३३

— आणि शिपायाचा हात भिंगापुढे आला!

मी शटर दाबायच्या बेतात होते. लष्कराची तिन्ही विमानं माळावर ओळीनं उभी. इंजिनं सुरू, मागे धुळीचा लोट. इतक्या जवळून पुन्हा कधी मिळायची?

"पास कुणाचा?"

वडिलांचा, म्हटलं. स्टुडिओच्या नावावर आहे. फोटो मी काढते.

"मग कॅमेरा त्येंच्या हातात द्या. तुमी बायकांच्या कनातीत बसा."

मी पुन्हा म्हटलं, फोटो मीच काढते. तो हसला. "मग इमान बी तुमीच उडवा की!" आजूबाजूचे चार लोक हसले.

वाटलं, आप्पा भांडतील. पंचवीस वर्षं कलेक्टरपासून वकिलांपर्यंत सगळ्यांना हनुवटी वर करा, खाली करा म्हणून दटावणारा माणूस. त्यांनी मुकाट्यानं कॅमेरा घेतला. सहा प्लेटांची पिशवीही घेतली.

कनात म्हणजे चारी बाजूंनी कापड, वर उघडं आभाळ. दोन-अडीचशे बायका सतरंज्यांवर. विमानं बघायला आलेल्या बायकांना विमानं दिसणार नाहीत अशी व्यवस्था. साडेतीन वर्षांपूर्वी याच सरकारनं मार्शल लॉ लावून शहरात लष्कर आणलं तेव्हा बायकांसाठी कनात नव्हती घातली.

वैरागची एक म्हातारी शेजारी होती. तिला कुणीतरी सांगितलं, ही फोटोवाली. मग सोडीना. "फोटूवाली, आमचा काढ की गं! त्ये इमान काय तुज्यासाटी थांबनार हाय व्हय?"

कापडाला फट होती. तिला डोळा लावला. आप्पा कनातीला लागूनच दोरीपाशी उभे, कॅमेरा छातीशी. विमानं उठली, वळून आली. आप्पांनी कॅमेरा वर केला — भलतीकडे! विमानं केव्हाच पुढे गेलेली आणि आप्पा मागच्या आभाळाचा फोटो घेत होते. पुन्हा तेच. पाच वेळा तेच. मी फटीतून "पुढं, पुढं!" ओरडत होते. इंजिनांच्या आवाजात कोण ऐकतंय!

शेवटी कापडाखालून हात घालून आप्पांचं धोतर ओढलं. त्यांनी कॅमेरा खालून आत सरकवला. एक प्लेट उरली होती.

तेवढ्यात तिन्ही विमानं थेट कनातीवरून गेली. फार उंच. त्रिकोणात. एक शतांश सेकंदावर शटर दाबलं.

घरी येताना आप्पा टांगेवाल्याला सांगत होते, "तिन्ही लई जवळनं गेली. पंखावरचे खिळे मोजावंत इतकी."

संध्याकाळी

मुंबईच्या साप्ताहिकाचं पत्र पुन्हा वाचलं. समोरच्या छापखान्याच्या इसूफनं परस्पर माझं नाव कळवलं होतं, म्हणून ते आलं. "श्री. व्ही. ईश्वरप्पा यांस" — व्ही. म्हणजे वच्छला, पुरुष नव्हे, हे त्यांना ठाऊक नाही. विमानांचं छायाचित्र मंगळवारच्या टपालात पडावं. पसंत पडल्यास यापुढे सोलापूरची सर्व चित्रं आपल्याकडून मागवू.

आपल्याकडून! स्टुडिओत मी मागचा पडदा सरळ करते, रडणाऱ्या पोरांना खुळखुळा दाखवते, प्लेटा डेव्हलप करते. मोठ्या कॅमेऱ्यामागे आप्पाच. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले आणि खुळखुळा वाजवते. विचारलं की एकच उत्तर — "गिऱ्हाईक बाईच्या हातनं फोटू काढून घेत न्हाय." कुणा गिऱ्हाइकाला विचारलं का कधी?

हे एक चित्र छापून आलं तर त्यांना दाखवायला काहीतरी असेल.

रविवार, १०

सहाही प्लेटा डेव्हलप केल्या. आप्पांच्या पाचांवर नुसतं आभाळ. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी पटक्याचा तुरा आहे, बस्स. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच विचारलं, "आलं का?" एक आलं, म्हटलं. कितवं ते सांगितलं नाही. उद्या छापूनच दाखवीन.

माझी आली आहे. तिन्ही विमानं आहेत, पण बाजरीच्या दाण्याएवढी. काचेवर आभाळ काळं, त्यात तीन पारदर्शक ठिपके. नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही. भिंग लावलं तर वरखाली दोन-दोन पंख, मधल्या काड्या, शेपूट. मोठं करून छापलं की उठेल.

प्लेटा रॅकवर वाळत ठेवल्या.

सोमवार, ११

काय लिहू!

सकाळी छापायचा कागद आणायला गेले. दुकान उघडं नव्हतं. तासभर उभी राहिले तेव्हा कागद मिळाला. परत आले तर आप्पा खिडकीपाशी आपल्या मेजावर, डोळ्याला भिंग, हातात तीन केसांचा ब्रश.

"झालं," म्हणाले. "मुंबईला जायचंय न्हवं? सहाच्या सहा साफ केल्या. येक ठिपका ठेवला न्हाय."

आमच्या गावची धूळ प्लेटेवर बसतेच. कितीही जपा. जिथे कण बसला तिथे काचेवर पारदर्शक टोचा राहतो आणि कागदावर काळा डाग उठतो. म्हणून प्लेट वाळली की आप्पांच्या मेजावर जाते, ते एकेक टोचा रंगानं भरतात. मी परकरात होते तेव्हापासून हे बघते आहे. वाळलेली प्लेट रॅकवर राहिली तर ती आप्पांची. ज्या प्लेटेला हात लावायचा नसतो ती डब्यात घालायची. मी घातली नाही. पंचवीस वर्षांत कुणाला प्लेट डब्यात घालायला सांगावं लागलं नाही, मलाच लागलं!

तरी छापून पाहिली. आभाळ. स्वच्छ, करडं, एकसारखं आभाळ. काचेवर भिंग लावलं — त्रिकोणात रंगाचे तीन बारीक थेंब. काम सुरेख आहे. कडेला कुठे सांडलेला नाही.

माजघरात जाऊन दार आपटलं. दोनदा. आप्पांनी विचारलं, "काय पडलं गं?"

दुपारी

रंग पाण्याचा आहे. प्लेट दहा मिनिटं ताटलीत भिजवली की निघेल. विमानं परत येतील. एवढं सोपं आहे, आणि मी दोन तास प्लेट हातात घेऊन बसले आहे.

कारण आता कळतंय. भिंगातून त्यांना काळ्यात पांढरं काही चमकतंय एवढंच दिसलं असणार. त्याला पंख आहेत हे दिसलं नाही. आणि शनिवारी माळावर त्यांना काहीच दिसलं नाही. ते आवाजाकडे कॅमेरा धरत होते! विमान पुढे आणि आवाज मागे. म्हणून पाचही वेळा रिकामं आभाळ. वर गेल्यावर ती केवढीशी दिसतात हेही त्यांना ठाऊक नाही. खिळे मोजावेत इतकी जवळून गेली म्हणे!

म्हणून कॅमेरा मुकाट्यानं घेतला. शिपायाशी भांडले असते तर कॅमेरा माझ्या हातात राहिला असता — तरी भांडले नाहीत. चार लोकांसमोर त्यांना तो आपल्या हातात हवा होता.

आणि आठवड्याला दहा-पंधरा गिऱ्हाइकं त्यांच्यापुढे बसतात. कॅमेऱ्याच्या काचेत काय बघतात ते? गेल्या महिन्यात नातेपुत्याच्या वरातीचे सगळे चेहरे धुरकट आले. आप्पा म्हणाले, नवरा हलला. मीही मानलं. सगळी वरात हलली का?

प्लेट भिजवली तर त्यांना सांगावं लागेल. न सांगता भिजवली तरी कळेल — रॅकवरच्या प्लेटा ते येता-जाता बोटांनी मोजतात. ओली लागली की विचारतील. मग काय सांगू? तुम्ही विमानं पुसलीत, कारण तुम्हाला दिसत नाही?

नाही भिजवली तर मुंबई गेली.

राग कुणावर धरू तेही कळत नाही. त्यांच्यावर धरला तर पाच मिनिटं टिकतो.

सोमवार, दिवेलागणीला

इसूफ आला. हातात जाड पाकीट, पत्ता स्वतः छापून आणलेला. मुंबईच्या लोकांना अक्षर देखणं लागतं म्हणे. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं मेजावरचा सकाळी छापलेला कागद उचलला. दिव्याकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई, इमानं कुटं हायत?"

आप्पा दारात वेताच्या मोड्यावर बसले होते.

इसूफला काय ठाऊक! तो हसायला लागला. "क्या आप्पा! डाग समजून पुसली का काय इमानं? लष्कराचा माल हाय, फाशी देतील!"

आप्पा हसले नाहीत. मी घाईनं म्हटलं, ही ती नव्हे. विमानांची दुसरी आहे. ती अजून छापायचीय.

"मंग छापा की लवकर. उद्या टपाल हाय." पाकीट ठेवून तो गेला.

रस्त्यानं गिरणीतून सुटलेली माणसं चालली होती. मग आप्पा म्हणाले, "दुसरी कंची गं? प्लेटा सहाच हुत्या."

मी म्हटलं, आहे एक.

"सहाच्या सहा म्या साफ केल्या."

मी स्वयंपाकघरात गेले. भाकऱ्या थापल्या. एक करपली. आप्पांनी तीच मागून घेतली. उठताना विचारलं, "रंग पान्यानं निघतो, ठावं हाय न्हवं तुला?"

मी हो म्हटलं. ते हात धुवायला गेले.

उद्या सकाळी भिजवीन. नाही भिजवणार. ठरत नाही.

मंगळवार, १२

सकाळी उठले तर सहाही प्लेटा रॅकवर ओल्या होत्या. नेमकी कोणती ते आप्पांना दिसलं नसणार, म्हणून सगळ्याच भिजवल्या. सहावीवर तिन्ही विमानं आहेत.

प्लेट वाळायची होती तेवढ्यात अक्कलकोटचं एक कुटुंब फोटोला आलं. नवरा, बायको, तीन मुलं. आप्पांनी त्यांना बाकावर बसवलं, सर्वांत धाकट्याची टोपी चाचपून सरळ केली आणि म्हणाले, "फोटू पोरगी काढंल." गिऱ्हाईक काहीच म्हणालं नाही. आप्पा बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर पाचही जण उलटे, धुरकट. भिंग अर्धा इंच पुढे घेतलं.

बाहेर इसूफ विचारत होता, पाकीट तयार झालं का. आप्पांचा आवाज आला, "थांब की जरा. संध्याकाळच्या गाडीला जाईल. आत गिऱ्हाईक हाय."