काका आले तरच येतो

सोमवार, १२ मे
पुन्हा माझ्या मित्राचा, ग्युचलचा फोन! सकाळपाळी संपवून, बस डेपोत लावून येतोय, पाय सुजलेत, आणि हा म्हणतो, "चौथ्या शनिवारी कोचांगच्या किनाऱ्याला जाऊ. ओहोटीच्या चिखलात शिंपले काढू. रोउनला आवडेल." मग जा की! मुलगा तुझा, शनिवार तुझा. माझं काय काम?

"तू हवासच रे." यापुढे काही सांगेना. मी नाही म्हणून टाकलं.

बुधवार, १४ मे
आज खरं कारण काढून घेतलं. घटस्फोटानंतर कोर्टाने ग्युचलला महिन्यातले दोन शनिवार दिलेत, पण मागच्या तीन खेपांना रोउन आलाच नाही. कधी पोट दुखतं, कधी ताप, कधी झोपलाय. सात वर्षांचं पोर, ओढून कोण आणणार? परवा मात्र फोनवर स्वतःहून म्हणाला, "काका आले तरच येतो."

"काका म्हणजे तूच की, फिलजुन! मला कुठे भाऊ आहे?" ग्युचल इतका खूश, की माझ्याने नाही म्हणवेना. पोराला शेवटचं पाहिलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा कागदाची बस करून दिली होती. तेवढ्यावर लक्षात ठेवलं? बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, १६ मे
पाळी बदलून मागितली. डेपोतला सुनबोंग म्हणाला, "शनिवार घे, पण माझे दोन रविवार तुझ्या गळ्यात." घेतले! गुडघ्याला विश्रांती द्या म्हणणाऱ्या डॉक्टरला एकदा माझ्या बसवर बसवायला हवं.

मंगळवार, २० मे
ग्युचलबरोबर बाजारात. रोउनसाठी गमबूट. दुकानातली बाई विचारते, "माप काय?" — तर हा माझ्याकडे बघतो! शेवटी दोन मापांचे घेतले. "एक तर बसेल." एरवी मी टोमणा मारला असता, आज गप्प बसलो.

मग मीठ. चिखलातल्या भोकात चिमूटभर टाकलं की लांबट शिंपला सुर्रकन वर येतो. चिमूटभर! याने घेतलं तीन किलो. समुद्राला मिठाची कमी पडली की काय!

गुरुवार, २२ मे
दमलो. आणखी काही लिहायचं नाही.

शुक्रवार, २३ मे
दिवसभरात चार फोन. डब्याला किंबाप, भाताच्या गुंडाळ्या, स्वतः केलेत म्हणे. फोटो पाठवला, सगळ्या वाकड्या, भात बाहेर. "काकडी नाही घातली. रोउन काकडी खात नाही ना?"

मला काय ठाऊक!

"बहुतेक नाही खात," असं स्वतःच म्हणाला. मग हळूच, "तो येईल ना रे?" मी म्हटलं, येईल, त्याचे काका आहेत की. अंग मोडून आलंय, पण उद्याची मलाही थोडी उत्सुकता वाटतेय.

शनिवार, २४ मे
आठ वाजता रोउनच्या आईच्या इमारतीखाली. रोउन उड्या मारत आला. ग्युचलला वाकून नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. मग मला बघितलं, माझ्या मागे बघितलं, गाडीतही डोकावला.

"काका कुठेत?"

"हे काय, फिलजुनकाका!" ग्युचल म्हणाला.

"हे नाही. आमच्या घरी राहतात ते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. ग्युचलने फोन काढून रोउनच्या आईला लावला.

"त्यांना वेळ असेल तर खाली पाठवतेस? अकराला ओहोटी आहे. म्हणावं, जुने कपडे घालून या."