खिंडीपलीकडे गायला

९ जुलै

गेला! ट्रक गेला! सगळं गायनपथक घेऊन खिंडीपलीकडे मोखोत्लोंगला गेला, आणि आम्ही दोघी, मी आणि मोसेले, चर्चच्या भिंतीपाशी बघत उभ्या!

चूक मोसेलेची. म्हणजे चूक कुणाचीच नाही — तिच्या वडिलांना पुन्हा ताप चढला. खाणीतून आणलेला तो खोकला. घरात दुसरं आहे कोण? ताप उतरेपर्यंत ती उशाशी बसून होती, आणि ती येईपर्यंत मी ट्रकमध्ये चढले नाही. मास्तर ओरडले, "सेबोलेलो, चढतेस की जाऊ?" जा म्हटलं. मोसेलेशिवाय मी काय गाणार! आवाज तिचा. मी आपली खालून टेकू लावते.

आता वडील उठून जेवले म्हणे. गाण्याची स्पर्धा शनिवारी. रडू येतंय.

१० जुलै

बर्फ!! जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, पण एवढा! दार उघडेना. आईने आतून लाथ घातली तेव्हा हललं.

दुपारी मोसेले आली, कमरेपर्यंत पांढरी. "खिंडीतून चालत जाऊ." मी म्हटलं, वेड लागलंय तुला. "लागलंयच. पहाटे निघू." वडिलांजवळ मावशी थांबणार आहे — दोन दिवस, वर एक तासही नाही, असं बजावून.

आई शिव्या देते आहे आणि शिव्या देता देता आमच्यासाठी पिठाचे गोळे, माकोएन्या, तळते आहे. म्हणजे जा, असंच समजायचं.

११ जुलै, मोखोत्लोंग

पोचलो! पोचलो! पोचलो!

घोंगड्या मानेशी पिन लावून घट्ट केल्या. ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसू नये म्हणून मोसेलेने दोघींच्या डोळ्यांखाली चुलीची काजळी फासली. "आता कुठे शोभतोय! दोन मेंढीचोर." पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. पाय वर काढला की गमबूट खालीच. चार पावलं आणि एक हसणं, असा आमचा चढ. ती पुढून ओरडायची, "चल गं बये, म्हातारी झालीस का?" आणि तेवढ्यात स्वतःच तोंडावर पडायची!

ओढा कुठे आहे ते मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्यातच पडले.

छातीपर्यंत बर्फात. पाय कुठे टेकेना. सगळीकडे एकदम शांत. मग मोसेलेचा आवाज — पहिल्यांदाच त्यात हसू नव्हतं. "हलू नकोस, सेबो. अजिबात हलू नकोस." ती पोटावर आडवी झाली, घोंगडी सोडून तिचं टोक माझ्याकडे फेकलं, आणि इंच इंच मागे सरकत मला ओढायला लागली. तिच्या अंगात नुसता स्वेटर. मी म्हटलं, सोड, तूही येशील आत. "येईन तर येईन! एकटी घरी जाऊन तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार?"

बाहेर आले. दोघी आडव्या, धापा टाकत. मग तिने माझ्याकडे पाहिलं — एका पायात बूट, दुसऱ्यात भोकाचा मोजा, बोट बाहेर. झालं! पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता ती मधेच रडली. मी पाहिलं नाही असं दाखवलं. बूट हातांनी उकरून काढला.

खिंडीच्या माथ्यावर मेंढपाळ त्सिउ आजोबांची दगडी खोपटी. आत धूर, मेंढ्या आणि ते. आमची तोंडं बघून म्हणाले, "लग्नाला निघालात की मयताला?"

"गायला!"

"मग गा की. शेकोटी काय फुकट आहे?"

गायलो. त्यांचा कुत्रा वरचा सूर लावायला लागला, मोसेले त्याच्याकडे रागाने बघतेय, आजोबा डोळे पुसतायत — धुराने म्हणे. निघताना पिठाची रिकामी गोणी दिली. "पलीकडे उतार साफ आहे, दगड नाही. बसा आणि देवाचं नाव घ्या."

बसलो. देवाचं नाव घ्यायला वेळच मिळाला नाही! अख्खा डोंगर ढुंगणावर उतरलो!! मी मागे, तिच्या कमरेला मिठी, दोघी किंचाळतोय, आणि किंचाळण्याचं कधी गाणं झालं कळलंच नाही. शेवटी एका कुंपणात. कुणाच्या तरी गाढवासमोर.

१२ जुलै

आमचा ट्रक पोचलाच नाही! घाटात बर्फात रुतलाय, सगळे पलीकडच्या शाळेत बसून आहेत. मागे राहिलेल्या दोघी तेवढ्या हजर!

पंच म्हणाले, दोघींचं पथक होत नाही. मासेरूच्या गायनशाळेच्या लिपुओ बाई म्हणाल्या, "खिंड चालून आल्यात पोरी. गाऊ द्या." गायलो. काजळी अजून तोंडावर होती, कुणी सांगितलंसुद्धा नाही! सभागृह उभं राहिलं. बक्षीस नाही, पण गरम सूप आणि टाळ्या, टाळ्या, टाळ्या. बाईंनी मोसेलेचा फोन नंबर घेतला. माझ्याकडे कुठला फोन!

२१ जुलै

मोसेले टेकडीवरून धावत आली. "लिपुओ बाईंचा फोन आला! तुला बोलावलंय! मासेरूला! शाळा, राहणं, सगळं!"

मला? आणि तू?

"मला कशाला? तुझा आवाज हवाय त्यांना. माझा काय, शेळीचा." मला उचलून गरागरा फिरवलं. तिच्याइतकं कुणीच नाचलं नाही. आईसुद्धा नाही. मग वडिलांना औषध द्यायचंय म्हणून तशीच परत पळाली.

चुकून तर नाही ना बोलावलं? मला!

२ ऑगस्ट, मासेरू

लिपुओ बाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "मोसेले कुठाय?"

फक्त मीच आले, म्हटलं.

"अगं, मी तिला फोनवर सांगितलं ना — दोघी या म्हणून."

खोलीत दोन खाटा घातल्या आहेत.