उरलेली नव्वद पानं

३० मार्च, पाडवा
यंदाचा संकल्प : वाचन. गेल्या वर्षीचाही वाचनच होता, पण तेव्हा साधनं नव्हती.
बापूजींची कादंबरी अडली आहे. जाड रहस्यकथा, तीनशे चार पानं. दोनशे बाराव्या पानावर मोतीबिंदू आडवा आला. पन्नास वर्षं हातमागावर तुटके धागे जोडलेले डोळे, थकणारच. आज पुरणपोळी खाताना मला म्हणाले, "रोज दहा पानं वाचून दाखव ना गा, बाबन. वर जायच्या आधी खुनी कोण ते तं समजू दे."
ब्याण्णव पानं. दहा दिवसांचं काम! उद्यापासूनच सुरू. उद्या एकतीस मार्च, विमा ऑफिसात मान वर करायला वेळ नसतो. परवापासून.

४ एप्रिल
वाचायला बसलो. दोन पानं झाली. नव्वद उरली. कूलर चालू ठेवला तर बापूजींना ऐकू येत नाही, बंद केला तर माझा जीव जातो. हा दोष माझा नाही, नागपूरचा आहे.
पण यातूनच कल्पना सुचली. ई-रीडर! अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात. बापूजी स्वतःच वाचतील, आणि ते झोपले की मी. घ्यायचा तर चांगलाच घ्यावा. सगळ्यात भारीवाला बेचाळीस हजारांना आहे.

६ एप्रिल, रविवार
फायदे मांडले. बॅटरी दहा आठवडे चालते. भर उन्हात स्क्रीन चमकत नाही (मे महिन्यात भर उन्हात वाचत कोण बसतो, हा वेगळा मुद्दा). पाण्यात पडला तरी बिघडत नाही. आमच्या नळाला पाणी पहाटे चाळीस मिनिटं येतं, तेवढा वेळ तसंही सांभाळता आलं असतं. सोबत पेन मिळतो, समासात टिपणं लिहिता येतात. मला समासात लिहिण्यासारखं पुष्कळ सुचतं, आजवर समासच मिळाला नाही. हजारो पुस्तकं मावतात.
तोटे : किंमत.
बायकोने, म्हणजे कुसुमने, विचारलं, "बापूजीचं ते पुस्तक भेटते का त्याच्यात?" तंत्रज्ञान न कळणाऱ्यांचे प्रश्न असेच असतात.

११ एप्रिल
कुसुमचं नवीन टुमणं. मोतीबिंदूच काढून टाका म्हणते. डॉक्टर तारीख द्यायला तयार आहेत. मी समजावलं, मोतीबिंदू हिवाळ्यात काढतात. उन्हाळ्यात डोळा चिघळतो. आमच्या घराण्यात सगळ्यांचे हिवाळ्यातच निघाले.
शेजारचे चंपतराव नेमके तेव्हाच टपकले. म्हणाले, "ते जुन्या जमान्यात गा. माहा तं मागच्या मे महिन्यातच काढला. दुपारी घरी येऊन आमरस खाल्ला." चंपतराव अपवाद आहेत.
शिवाय ऑपरेशनला बावीस हजार लागतात आणि त्यात एकच डोळा सुटतो. ई-रीडर बेचाळीस हजारांत दोन्ही डोळ्यांना चालतो. हिशोब कोणीही तपासून पाहावा.

१९ एप्रिल
त्रेचाळीस व्हिडिओ पाहून झाले. रिव्ह्यूंची तर गणतीच नाही. बापूजींनी पलंगावरून विचारलं, "काय वाचून राहिला गा एवढं?" म्हटलं, तुमच्यासाठीच वाचतोय.
ऋतुजाने माझा फोन पाहून हिशोब केला. म्हणे, बाबा, तुम्ही आतापर्यंत साडेतीनशे पानांचे रिव्ह्यू वाचले, तेवढ्यात आजोबांची उरलेली पानं जवळजवळ चारदा झाली असती. पोरीला इंजिनिअरिंगला घातलं, ते यासाठी नव्हे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
शुभ दिवशी खरेदी केली! ई-रीडर नाही, तो अजून उतरेल. कव्हर घेतलं. तपकिरी, चामड्यासारखं, चुंबकाने बंद होणारं. साडेतीन हजारांचं अठ्ठावीसशेला मिळालं. म्हणजे सातशे रुपये कमावलेच. कुसुमने 'बाजारात तुरी' ही म्हण शेवटपर्यंत ऐकवली. मुहूर्ताचं महत्त्व तिला कधीच कळलं नाही.

१४ मे, बुधवार
सकाळी कुसुम काहीतरी सांगत होती. बापूजी, चंपतराव, ऑटो, असे शब्द कानावर आले. मी "हो हो" म्हटलं. डोक्यात आजचं काम होतं. ऑफिसला सुटी टाकून सदर भागातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. वस्तू हातात घेतल्याशिवाय निर्णय घेणं मला पटत नाही.
दुकानातला नमुना बंद पडलेला. बहुतेक अकरावा आठवडा असावा. विक्रेत्या बाईंनी विचारलं, सर, कोणती पुस्तकं वाचता? मी वॉरंटीचं विचारलं.
संध्याकाळी ७ : घरी आलो तर बापूजी एका डोळ्यावर पट्टी बांधून आमरस खात होते. ऑपरेशन झालंसुद्धा! पंधरा मिनिटांत. पैसे कुसुमच्या भिशीतले. घरच्या कर्त्या माणसाला विचारायची पद्धत आहे की नाही, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. कुसुम म्हणाली, "सकाळी विचारलं तं तुम्हीच दोनदा हो म्हणाले."

१५ मे
पट्टी काढायला मी मुद्दाम सोबत गेलो. बापूजींनी पंखा पाहिला, अक्षरांचा तक्ता पाहिला, मग मला पाहिलं. बराच वेळ.
"तुहे केस कधी पांढरे झाले गा, बाबन?"
म्हटलं, तीन-चार वर्षं झाली.
"मले कोणी सांगितलंच नाही."
फार वाईट वाटलं. रोज समोरासमोर जेवतो आम्ही.
आता मात्र पक्कं. नवा चष्मा महिन्याभराने मिळेल, तोवर त्यांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही. म्हणजे महिना माझ्या हातात आहे. नव्वद पानं, रोज तीन. हसत हसत होईल.

२ जून
धक्कादायक. ऋतुजाने शोधून सांगितलं की ती कादंबरी ई-रीडरवर मिळतच नाही. छापणंही बंद होऊन पस्तीस वर्षं झालीत. एवढा साधा प्रश्न या घरात कोणालाही आधी सुचू नये?
पानं : उरलेली नव्वद. उद्यापासून रोज सहा.

१७ जून
बापूजींचा चष्मा आला. पुस्तकाची शिवण उसवली होती, त्यांनी ते माझ्या कव्हरात घातलं. नेमकं मावलं. चुंबकही लागतो. त्रेचाळीस व्हिडिओंमध्ये ही सोय कोणीच सांगितली नव्हती.

२२ जून, रविवार
बापूजींची कादंबरी संपली. पाच दिवसांत. खुनी कोण, मी विचारलं. म्हणाले, "असा कसा सांगू? मजा जाते. बस इथं, मीच वाचून दाखवतो तुले."
कूलर त्यांनी स्वतः उठून बंद केला. मी जिथे सोडलं होतं तिथून, दोनशे पंधराव्या पानावरून सुरुवात केली. आवाज अजून खणखणीत. माझ्या लहानपणी मागाच्या खटखटीत ओरडून गोष्टी सांगायचे, ते आठवलं. तिथेच ठरवलं, रोज असं बसायचं. पान उलटलं की ते विचारायचे, "आयकून राहिला ना गा?" मी हो म्हणायचो.
तेवढ्यात फोन थरथरला. सात हजारांनी उतरला! फक्त खात्री करायला उघडलं. आता तीन रंगांत मिळतो. रिव्ह्यूही नवीन आले होते. मी मधून मधून हो म्हणत होतो.
मान वर केली तेव्हा कूलर चालू होता आणि बापूजींची खुर्ची रिकामी होती.
कुसुमला विचारलं. म्हणाली, "केव्हाचेच गेले चंपतरावकडे, पुस्तक घेऊन. त्यायले वाचून दाखवून राहिले."
मी विचारलं, कव्हरसकट?