पाकिटावर समतानगर

अमरावती

ती. आप्पा,
तुम्हाला आणि आईला इकडून जय भीम.

मी बरी आहे, वॉर्डातलं काम झेपतंय. तुमचा गुडघा कसा आहे? माणगावला डॉक्टरांकडे एकटे जाऊ नका.

फोन रोज होतोच, पण वाडीचं नवं नाव पाकिटावर लिहायची मला हौस होती. मागच्या महिन्यात लिहिलं, समतानगर. काल ते पत्र परत आलं. वर शेरा, 'असा पत्ता गावात नाही.'

जातीवरून पडलेलं नाव सरकारने बदललं, नाक्यावर पाटी लागली, तरी पोस्टमनला पत्ता सापडत नाही? माझं नोकरीचं पत्र त्यानेच आणलं होतं. पायरी न चढता अंगणातून फेकलं होतं. तेव्हा घर बरोबर सापडलं.

जुनं नाव लिहिलं तर लगेच पोचेल, हे मला ठाऊक आहे. मी ते लिहिणार नाही.

तुम्ही भांडायला जाऊ नका, बीपी वाढेल. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतेय, पत्ता तोच; परत पाठवलं तर ऑनलाइन नोंद राहते, तक्रार करता येते. ते अंगणातून फेकता येत नाही, सही घ्यावी लागते. गुडघा दुखतोय तर तुम्हाला जागचं उठू द्यायचं नाही, असं आईला फोनवर बजावलंय. पायरी त्याने चढायची.

तुमची,
समतानगरची मृणाल