विहीणबाई, चांदी उजळून ठेवली आहे

शिएली, ११ मार्च

विहीणबाई बाल्झिया यांना रिस्कुलचा सलाम.

गुरंढोरं सुखरूप? माणसं सुखरूप? व्याह्यांचा खोकला उतरला का? आमच्याकडे बर्फ वितळून अंगणात नुसता राडा झालाय. गाय व्यायली, कालवड झाली. नवरोज तोंडावर आलाय, म्हणून गल्लीतल्या साऱ्या बायका आपापली चांदी उजळून घ्यायला माझ्याच दारात. झालं, ख्यालीखुशाली संपली. यापुढे गोड लिहायचं म्हटलं तरी हात वळत नाही.

तुम्ही अक्मारलबरोबर पाठवलेलं गाठोडं पोचलं. "आईकडून चांदी उजळून आण, तोवर यायची घाई नको," हा निरोपही पोचला. लेक माहेरी आली की आई दारात जाऊन मिठी मारते. माझी लेक दारातच उभी राहिली आणि आधी गाठोडं पुढे केलं, जणू उधार नेलेलं भांडं परत करायला आलीय.

तर आधी चांदीबद्दलच लिहिते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून तिची हातातली कडी उकळायची अक्कल तुम्हाला कुणी दिली? थोरल्या सुनेनं मोबाइलवर पाहिलं म्हणे. उद्या मोबाइलवर बघून मेंढी कापाल! नक्षीच्या खाचांत जे काळं होतं, तो मळ नव्हता हो. सोनारानं मुद्दाम भरलेलं होतं ते, त्याच्यावर तर नक्षी उठून दिसते. ते सगळं गेलं. आता कडं दिसतंय भुवया भादरलेल्या माणसासारखं. आणि अकीकाचा खडा लाखेवर बसवलेला असतो. उकळत्या पाण्यात लाख सुटणार नाही तर काय होणार? खडा गाठोड्याच्या कोपऱ्यात सापडला. चहाबरोबर गिळला नाहीत, ही कृपाच.

चांदी कशी धुतात ते ऐका, म्हणजे पुढच्या सुनेच्या दागिन्यांचा तरी जीव वाचेल. पाणी कोमट, बोट घातलं तर सुखावेल इतकंच. त्यात साधा साबण. कपड्याची घडी बुडवायची आणि खडा चुकवून पुसायचं. डाग हट्टी असेल तर खडूची पूड पाण्यात कालवून जुन्या लोकरीच्या चिंधीवर घ्यायची, तीही फक्त उंचवट्यांवरून फिरवायची, खाचांत नाही. मग कोरडं करून मऊ फडक्यात गुंडाळायचं. एवढंच. यात आग लागत नाही, सोडा लागत नाही, आणि चारचौघींत तोंड उघडायची तर अजिबातच गरज पडत नाही.

चारचौघींवरून आठवलं. म्हणजे विसरलेच नव्हते.

तुमच्या थोरल्या सुनेच्या बाळाची चाळिसाव्या दिवसाची अंघोळ झाली, त्या दिवशीचं अक्मारलनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी कडं पुसत होते, ती खाली बघून बोलत होती. अंघोळीच्या पाण्याचं वाडगं मधोमध, एकेक बाई आपली चांदी त्यात सोडतेय, बाळाला आशीर्वाद देतेय. अक्मारलनं मनगटातलं कडं काढलं, तर तुम्ही वाडग्यावर हात आडवा धरलात.

"तुझं नको गं. काळी चांदी लेकराच्या पाण्यात नको. दोनदा उकळली तरी आठवड्यात पुन्हा काळी! चांदी माणसाच्या आतलं सांगते."

आणि तुमची ती शेजारीण, जिच्या तोंडात तळलेला बावरसाक असतानाही जीभ थांबत नाही, ती म्हणाली, "खरंच की. म्हणूनच हिच्या पोटातलं टिकलं नाही."

तुम्ही तिला गप्प बस म्हणाला नाहीत. धाकटी सून म्हणून त्याच सगळ्यांना चहा ओतायला अक्मारलच बसली. तिनं चुकून एक वाटी काठोकाठ भरली, तर तुम्ही हसून म्हणालात, "वाटी भरून देतेस? पाहुण्यांना घालवायची घाई झाली का?" बायका हसल्या. बाल्झिया, त्या हसण्यासाठी मी तुम्हाला सगळ्यांत शेवटी माफ करीन. केलं तर.

आता चांदी काळी का पडते, ते सांगते. तुमच्या गावच्या आरोग्यधामात चिखलखोलीतली नोकरी तिला कुणी लावून दिली? तुम्ही. गंधकाचा तो चिखल दिवसभर लोकांच्या गुडघ्यांना थापायचा. तिथली प्रत्येक बाई आत शिरण्याआधी चांदी काढून कपाटात ठेवते. अक्मारलही ठेवायची. मग एके दिवशी ती कडी न घालताच घरी आली आणि तुम्ही सुनावलंत, "बोडक्या हाताच्या सुनेच्या हातचा चहा माझ्या घरात पाक-पवित्र नाही. हातातली चांदी उतरवायची नाही!" आपल्यात तसं म्हणतात आणि मीही ते मानते. अन्नाला लागणाऱ्या हातात चांदी हवीच. पण विहीणबाई, चिखल थापणाऱ्या हातात कशाला हवी? तिनं तुमचं ऐकलं. काढली नाही. आणि ऐकलं म्हणून काळी पडली.

माझ्या गुडघ्यांसाठी तिनं त्याच चिखलाची बाटली आणली होती. तिनं मला विचारलं, "आई, खरंच माझ्या आत काही वाईट आहे का?" मी बोटातली माझ्या आईची अंगठी काढली आणि बाटलीतला चिखल ओतून त्यात बुडवली. चहाला उकळी फुटेपर्यंत तिचा कोळसा झाला. "बघ," म्हटलं, "तुझी आजीसुद्धा अपशकुनी निघाली." तेव्हा माझी पोर रडली. इतके दिवस रडली नव्हती म्हणे.

ती अंगठी मी उजळलेली नाही. या पत्रासोबत तशीच काळी पाठवतेय. त्याच बायकांना बोलवा, त्याच चहावर, आणि दाखवा.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची नव्हती, पण माझा स्वतःवरचा राग त्यावरूनच सर्वांत जास्त आहे, म्हणून लिहिते. गाठोडं सोडलं तेव्हा ती काळी कडी बघून मीही क्षणभर हात मागे घेतला. मी! जिचं आयुष्य चांदी पुसण्यात गेलं! अक्मारलनं ते पाहिलं. तुमच्या बोलण्याचं विष माझ्या घरात माझ्याही आधी येऊन बसलं होतं.

आणि पोटातलं, पोटातलं काय म्हणता सगळ्या? बाळ होतं ते. त्या दिवसांतही तिनं चिखलाच्या बादल्या उचलल्या. बादल्यांमुळेच गेलं असं मी म्हणत नाही, डॉक्टरीणही तसं म्हणाली नाही. पण "वाकू नकोस" हे तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत, आणि ते गेल्यावर दोष चांदीत शोधलात.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही अक्मारलच्या ताटात स्वतःच्या हातानं मांस वाढलंत. ते बघून मी तुम्हाला विहिणीची अंगठी घातली, दोन बोटांत मिळून एक बसते ती. लेकीला लेकीसारखं वागवणाऱ्या बाईला ती देतात. ती परत मागितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. लोक तोंडात बोटं घालतील. घालू देत.

जावई काल फोनवर म्हणाला, "सासूबाई, आईचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नका." त्याला म्हटलं, "बाबा रे, तू तरी घे." तो इथे केव्हाही येवो, त्याच्यासाठी दार उघडं आहे. बायकोजवळ राहायचं असेल तर इथे कामही मिळेल. तुमच्यासाठी मात्र रस्ता एकच आहे. त्या बायकांसमोर, ज्या तोंडानं ते बोललात त्याच तोंडानं ते परत घ्यायचं, आणि मग स्वतः येऊन माझ्या लेकीला विचारायचं की ती येते का. यायचं की नाही ते ती ठरवील. मी तिला ना ढकलणार, ना अडवणार. तेवढं जमणार नसेल, तर विहिणीची अंगठी पोस्टानं पाठवून द्या.

हे पत्र टाकू नकोस असं अक्मारल म्हणतेय. मी डोक्याला रुमाल बांधून पोस्टाकडे निघालेय.

लेक दिली होती आणि परत घ्यायला जिला लाज वाटत नाही,
ती रिस्कुल